मेणबत्तीवरचं होम थिएटर

हेडफोन लावा किंवा स्पीकरवर ऐका, पण आज आवाजाकडे जरा लक्ष द्या. मागच्या एपिसोडसारखा घुमत नाहीये ना? आजचा एपिसोड मी एका नव्या खोलीत रेकॉर्ड करतोय. नवी म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या घरातलीच, दहा बाय बारा फुटांची. पण आता तिच्या खिडकीला दुहेरी पडदे आहेत, मागच्या भिंतीवर गोधडी टांगली आहे आणि समोरच्या भिंतीवर सहा फूट रुंद सिनेमा दिसतो.

होय, मी घरात होम थिएटर केलं. कमी पैशात केलं. कसं केलं ते सांगणारच आहे, पण त्याआधी एका जुन्या माणसाची गोष्ट ऐकावी लागेल. कारण ही गोष्ट मला वेळेवर कळली नसती, तर मी घरात एक मोठा घोळ घालून ठेवला असता.

झालं असं, की सहा महिन्यांपूर्वी मी एका इंटिरियरवाल्याकडून या खोलीचं डिझाइन करून घेतलं. फॉल्स सीलिंग, त्यातून झिरपणारा निळा उजेड, दोन रिक्लायनर खुर्च्या, भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल. एकूण खर्च साडेतीन लाख. मी ते चित्र मोबाइलवर घरात सगळ्यांना दाखवत फिरत होतो. आजीने फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडून तिकडे सरकवलं आणि म्हणाली, "छान आहे रे. पण यात माझी खाट कुठे दिसत नाही."

ती खोली आजीची आहे, हे सांगायचं राहिलं.

मी म्हटलं, "अगं, तुझी खाट हॉलमध्ये घेऊ." ती काही बोलली नाही. बाबा मात्र पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "फाळक्यांनी मेणबत्तीवर सिनेमा दाखवला घरात. तुला साडेतीन लाख कशाला लागतात?"

मला वाटलं, बाबा नेहमीसारखं काहीतरी फेकतायत. रात्री शोधायला बसलो, तर ते खरं निघालं.

भिंत, भिंग आणि मेणबत्ती

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. १९१३, 'राजा हरिश्चंद्र', भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. शाळेत एका मार्काला असतं. पण त्याच्या आधीची दोन वर्षं बघा.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग बडोद्याला कलाभवनात. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. जादूचे प्रयोग केले, तेही आपलं आडनाव उलटं करून, 'प्रोफेसर केळफा' या नावाने! पुढे छापखाना काढला, चांगला चालवला, आणि भागीदारांशी पटेना म्हणून सोडलाही. वय चाळिशीचं, घरात बायको-मुलं, आणि हातात काम नाही. अशा वेळी ते गिरगावात तंबूतल्या एका थिएटरमध्ये सिनेमा बघायला गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचं आयुष्य चाललं होतं आणि यांच्या डोक्यात राम-कृष्ण दिसू लागले. हे त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलंय.

आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? घरी येऊन झोपलो असतो. फाळक्यांनी एक छोटा, जवळजवळ खेळण्यातला म्हणावा असा कॅमेरा आणि फिल्मची रिळं मिळवली आणि रात्री घरातच सिनेमा सुरू केला. मेणबत्तीचा उजेड भिंगातून जायचा आणि चित्र भिंतीवर पडायचं. शिवाय रोज संध्याकाळी चार-चार, पाच-पाच तास थिएटरांत जाऊन सिनेमे बघणं चालू होतंच. परदेशी कॅटलॉग मागवायचे, पुस्तकं वाचायची, पुन्हा भिंतीवर चित्र पाडायचं.

इथे एक मिनिट थांबा आणि जरा हिशेब करू. एका मेणबत्तीचा सगळ्या दिशांना पडणारा एकूण उजेड साधारण साडेबारा लुमेन असतो. माझ्या सेकंड-हँड प्रोजेक्टरवर अडीच हजार लुमेन असं लिहिलंय. म्हणजे दोनशे मेणबत्त्या! त्यातही फाळक्यांच्या मेणबत्तीचा बराचसा उजेड इकडे तिकडे वाया जाणार, भिंगातून जेमतेम थोडासा पुढे जाणार. आणि चित्राचा एक नियम आहे. रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणजे चित्र चौपट फिकं होतं. त्यामुळे फाळक्यांच्या भिंतीवरचं चित्र लहानसंच असणार, आणि खोलीत काळोख हवा असणार. नुसता अंधार नव्हे, काळोख.

माझं पहिलं डिझाइन तिथेच फसलं होतं. निळ्या लाइटवर पैसे घालायला निघालो होतो, आणि थिएटरला सगळ्यात आधी लागतो तो अंधार, जो जवळजवळ फुकट मिळतो. एक जाड पडदा, त्याच्या मागे एक काळं अस्तर, झालं.

अजून एक गोष्ट. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. पेटली तर भडका. घराघरांत प्रोजेक्टर जायचा असेल तर आधी न पेटणारी फिल्म हवी, हे कंपन्यांनाही कळत होतं. फ्रान्सच्या पाथेने १९१२ मध्ये घरगुती प्रोजेक्टर काढला तो सुरक्षित फिल्मचा, २८ मिलिमीटरचा. १९२२ मध्ये त्यांचाच साडेनऊ मिलिमीटरचा 'पाथे बेबी' आला आणि १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर आणली. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत होम थिएटर शिरलं ते असं. पण तिथे बहुतेकांनी विकत आणून बघितलं. आपल्याकडे एका माणसाने भिंतीवर बघता बघता ठरवलं, की आता आपण बनवायचं.

त्याची किंमत काय मोजली? पहिली किंमत डोळ्यांची. झोप नाही, जागरणं, सततचा ताण. फाळक्यांची दृष्टी इतकी गेली की काही दिसेना. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे नजर परत आली. तुम्ही रात्री दोन वाजता उशीखाली मोबाइल घेऊन सिरीज बघत असाल, तर हे तुमच्यासाठी सांगितलं असं समजा.

घराचा झाला कारखाना

आता दुसरी किंमत.

१९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला निघाले. पैसे कुठून आले? स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र घेऊन एप्रिलच्या सुरुवातीला परत आले. दादरच्या बंगल्यात बिऱ्हाड होतं. आवारात काचेची एक छोटी खोली बांधली, घरात डार्करूम केली.

पण सिनेमाला भांडवल देणार कोण? 'चालती चित्रं' काढतो म्हणणाऱ्या, नोकरी-धंदा नसलेल्या माणसाला कर्ज मिळणं कठीण. मग फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ, रोज थोडं थोडं चित्र घेतलं. मग ती फिल्म दाखवली. मिनिटाभरात मातीतून कोंब येतो, पानं फुटतात, वेल चढतो! 'अंकुराची वाढ' असं त्या छोट्या फिल्मचं नाव. निवडक लोकांना ती दाखवली, आणि बघणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. कुठलं प्रेझेंटेशन नाही, स्लाइड नाहीत. वाटाण्याच्या वेलाने पैसे उभे केले.

तरीही पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या पत्नी. मी हे सगळं वाचून आजीला सांगत होतो. ती शेंगा सोलत होती. मी रंगून सांगत होतो, की बघ, एका घरात स्टुडिओ, डार्करूम, ऑफिस सगळं. आपण आज 'मल्टिपर्पज' म्हणतो ना, ते हेच. युनिटची माणसं घरीच जेवायची. साठ-सत्तर पानं उठायची म्हणतात.

आजीने विचारलं, "मग स्वयंपाक कोण करायचं?"

मी म्हटलं, "सरस्वतीबाई."

"आणि त्या भोकं पाडायच्या यंत्रावर कोण बसायचं?"

"त्याच. फिल्मला उजेड लागून चालत नाही ना, म्हणून रात्री, अंधारात."

आजीने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मग झोपायची कधी ती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी परत आकडे मांडले. त्या काळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. कॅमेऱ्यात ती पुढे सरकायला दोन्ही कडांना भोकं लागतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका चित्राला एका बाजूने चार भोकं, एका फुटात सोळा चित्रं. म्हणजे एका बाजूला फुटाला चौसष्ट. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी साधारण ३,७०० फूट. गुणाकार केला तर एका बाजूला २,३६,८००, दोन्ही बाजू धरून पावणेपाच लाखांच्या घरात. ही एका प्रतीची गोष्ट. निगेटिव्हची वेगळी, वाया गेलेल्या फिल्मची वेगळी. यंत्र होतं, मान्य. पण त्या यंत्राशेजारी अंधारात एक बाई बसलेली होती, जिने दिवसभर चूल सांभाळली होती. शूटिंगच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहायच्या, असंही सांगितलं जातं.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे ला कोरोनेशन सिनेमात तो सगळ्यांसाठी लागला. ब्राह्मणाच्या घरी राबणारी राणी तारामती पडद्यावर आली, आणि ती भूमिका केली एका पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी. कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. पडद्यावर एकही बाई नाही, आणि पडद्यामागे एक बाई नसती तर फिल्मला भोकं नसती.

मला इथे फाळक्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी बायकोपासून काही लपवलं नाही, उलट सगळं काम शिकवलं. कॅमेऱ्यात फिल्म कशी भरायची, ती धुवायची कशी, हे सरस्वतीबाईंना येत होतं. त्या काळात किती नवऱ्यांनी एवढं केलं असतं? पण हिशेब हिशेबाच्या जागी. 'कमी खर्चात' असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा उरलेला खर्च कुणीतरी वेगळ्या नाण्यात भरत असतं. झोपेच्या, जागेच्या, हातांच्या.

काकूंचा रविवार

हे फाळक्यांच्या घरापुरतंच असेल असं वाटलं, तर आजीने लगेच दुसरी गोष्ट काढली. आमचं जुनं घर गिरगावात, चाळीत.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला तो शेजारच्या काकूंकडे. लाकडी कपाटात, सरकत्या दारांचा, कृष्णधवल. बाबा तेव्हा शाळेत होते. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत अख्खा मजला लोटायचा. पोरं जमिनीवर पुढे, मोठी माणसं खाटेवर, उशिरा आलेले दारात आणि दाराबाहेर गॅलरीत. बाबा अजून सांगतात, की तसली मजा मल्टिप्लेक्समध्ये नाही.

आजी म्हणाली, "तुझ्या बाबाला मजा आठवते. मला ती काकू आठवते. ओटा त्याच खोलीत. पाचच्या आत स्वयंपाक उरकायचा, स्टो बंद करायचा, भांडी बाजूला सारायची. मग तीन तास स्वतःच्याच घरात भिंतीला पाठ लावून उभी. चहा करून घ्यायचा म्हटलं तरी पोरांच्या डोक्यावरून जावं लागायचं. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. तिने एकदा मला विचारलं होतं, हा सिनेमा संपतो कधी हो?"

पुढे १९८२ ला दिल्लीच्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला. मग व्हिडिओची लाट. वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे, कारण सकाळी मशीन परत. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळही गेली. वस्तू बदलत गेली, पण ती ठेवायची खोली तीच राहिली. आणि त्या खोलीत आधी कुणीतरी राहत होतं, हेही तसंच राहिलं.

मग मी काय केलं

इंटिरियरवाल्याला नाही म्हटलं. कागद घेतला आणि यावेळी मधोमध आधी आजीची खाट काढली.

खाट हलवायची नाही, एवढं ठरवल्यावर बाकी सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. खाटेसमोरच्या भिंतीवर सहा फूट रुंद आणि तीन फूट साडेचार इंच उंच असा पट्टा आखला. टीव्हीच्या भाषेत सुमारे ब्याऐंशी इंच. पोपडे खरवडले, लांबी भरून घासली आणि चमक नसलेला पांढरा रंग दिला. वेगळा पडदा लागलाच नाही. प्रोजेक्टर सेकंड-हँड, समोरच्या भिंतीपासून नऊ फुटांवर, खाटेच्या वर एका फळीवर. घेण्याआधी दुकानात दिवे बंद करून चालवून बघा, आणि दिवा किती तास जळलाय ते मेनूमध्ये तपासा. हा माझा फुकटचा सल्ला.

आवाजासाठी पॅनेल घेतले नाहीत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तो कडक, सपाट भिंतींमुळे. मऊ आणि ओबडधोबड काहीतरी मधे आणलं की झालं. मागच्या भिंतीवर आजीनेच शिवलेली गोधडी टांगली, बाजूला पुस्तकांचं उघडं कपाट सरकवलं, खाली सतरंजी. तुम्ही आत्ता ऐकताय तो आवाज त्या गोधडीचा.

हिशेब ऐका. प्रोजेक्टर १७,०००. स्पीकर ५,५००. पडदे, अस्तर आणि दांडी ३,२००. फळी आणि वायरिंग २,४००. रंग आणि लांबी ९००. एकूण २९,०००. आणि हिशेबाच्या कागदावर मी यावेळी शेवटी एक ओळ जास्त लिहिली, 'कुणाची जागा गेली?' पुढे लिहिता आलं, 'कुणाची नाही.'

सकाळी ती आजीची खोली असते, पडदे सारलेले, ऊन आत. दुपारी बहीण तिथे अभ्यास करते. आठवड्यातून एक रात्र मी रेकॉर्डिंग करतो, त्या रात्री आजी आपणहून आईशी गप्पा मारत बसते. शुक्रवारी, शनिवारी थिएटर. खाट ही पहिली रांग, सतरंजी ही दुसरी. आणि रिमोट आजीकडे. दहा वाजले की ती बंद करते. मग हिरो दरीत लटकलेला असो नाहीतर खुनी सापडायचा असो.

आजीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. हॉलमधल्या टीव्हीवर तिला चेहरे नीट दिसत नव्हते, हे तिने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी भिंतीवर माणसाएवढं चित्र आलं तेव्हा ती खाटेवर सावरून बसली आणि म्हणाली, "आता दिसतंय."

पहिला सिनेमा कुठला लावला असेल? फाळक्यांचाच. 'कालिया मर्दन', १९१९ चा. सुरुवातीलाच त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, हसते, रागावते, आणि बघता बघता तीच बाळकृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीची ती छोटी मुलगी आमच्या डोंबिवलीच्या भिंतीवर डोळे मोठे करून बघत होती. खोलीत कुणी बोलत नव्हतं. मी आजीकडे पाहिलं. वाटलं, आता ही म्हणेल, काय गोड मुलगी आहे.

आजी म्हणाली, "हिचं आवरून कोण देत असेल रे, रोज शूटिंगच्या आधी?"

चला मंडळी, दहा वाजत आलेत, मला ही खोली रिकामी करून द्यायचीय. तुम्हीही घरात असं काही करत असाल तर फोटो पाठवा. आणि सोबत हेही लिहा, की ती खोली आधी कुणाची होती. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.